तिचं शून्य

आमच्या प्रयोगशाळेतली ती उरणच्या कोळीवाड्यातली. पनवेलच्या बाजारात सख्ख्या मावशीकडून पापलेट घेतानाही ते ताजं आहे ना, हे कल्ला उचलून बघते. मावशी चिडते, ही हसते.

लोखंड आणि आर्सेनिकच्या एका संयुगावर तिचं काम चालतं. खूप गार केल्यावर त्यातून वीज जराही अडथळा न होता वाहावी, ही आमची धडपड. पण लोखंडाचं चुंबकत्व आड येतं. म्हणून ती लोखंडाचे थोडे अणू बदलून तिथे कोबाल्ट बसवते.

"जास्त नाय घालायचा," ती बजावते. "जास्त झाला का सगळं गेलं."

परवा नमुना गार करत नेला आणि पडद्यावर विजेचा रोध धाडकन शून्यावर आला. किती दिवस वाट पाहिली होती! मी पेढे आणायला निघालो. तिने मात्र नमुना बाहेर काढून त्याच्या तारा उपटल्या.

"अगं, काय करतेस?"

"तारा एकमेकींना टेकल्या तरीपन शून्यच दिसतं."

तिने नव्या तारा जोडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

"आता आन पेढे," ती म्हणाली.

मी आणले. तिने एक उचलला, मोडला, वास घेतला आणि मगच तोंडात टाकला.