कापलेली दावी

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘फटाकडी’ म्हणते, अर्थात तिच्या मागे. नवरा गेल्यावर चार गाई आणि एक तिखट जीभ, एवढ्यावर तिने घर चालवलं.

त्या दुपारी नदी गोठ्यांत शिरली, तेव्हा आम्ही सगळे जीव मुठीत धरून चढावर पळालो. आत्या उलटी फिरली. छातीभर पाण्यात उभी राहून तिने विळ्याने एकेक दावं कापलं आणि शेपट्या पिरगाळत चारही गाई वर हाकल्या. शेजारच्या काकांच्या म्हशी खुंट्यालाच बुडाल्या. काका ढसाढसा रडले, आणि ते रडणं खरं होतं.

गाई वाचल्या, पण घाण पाण्याने कासा सुजल्या, दूध आटलं. आता पेंड आणायची कशातून? सरकारी मदत जाहीर झाली तशी आत्या मला घेऊन कचेरीत गेली. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, मदत मेलेल्या जनावरांची आहे. तुमची तर जिवंत आहेत."

"जिवंत आहेत म्हणून तर खातात! मेलेली काय खातात?"

"नियम आहे. मेली असती तर लगेच काम झालं असतं."

"म्हणजे मीच चुकले. बुडू द्यायला हवी होती!"

"मी कुठे तसं म्हटलं?"

तसं कुणीच म्हणत नाही, हीच तर मेख आहे. हा नियम कुठल्या उंटावरच्या शहाण्याने केला ते मला माहीत नाही, पण त्याला एकदा त्या पाण्यात उभा करायची माझी फार इच्छा आहे.

काकांना मदत मिळाली, दोन नव्या म्हशी आल्या. आत्याने पडेल त्या भावात चारही गाई विकल्या. शेवटची जाता जाईना, मागे वळून हंबरत राहिली. आत्या तिला शिव्या घालत होती आणि पदराने नाक पुसत होती.

पुढच्या वर्षी पुन्हा पाणी चढलं. आत्याने भिंतीवरचा विळा काढला.

"अगं, तुझा गोठा रिकामा आहे!" मी ओरडलो.

"भाऊजींचा भरलाय ना, मेल्या!"

मी तिच्यामागे धावलो. काका गोठ्याच्या दारातच गुडघाभर पाण्यात उभे होते. आत म्हशी रेकत होत्या. नव्या दोघींतली एक भाकड निघाली होती, दुसरीची दोन सडं बाद झाली होती; वर्षभर दोघींना फुकट पोसून काका जेरीला आले होते. आत्याला पाहताच त्यांनी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावले.

"भाऊजी, सरका बाजूला."

काका सरकले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, राहू द्या. सोडू नका."