शपथ मीच घातली होती
बेंबळीच्या स्टँडवर एसटी लागली, तरी सून माझ्या पिशवीत भाकरी कोंबतच होती. नात आत खिडकीशी बसली होती, तोंड ओढणीत गुंडाळून. मुलगा खालून म्हणाला, "आये, दिवाळीपस्तोर बघतो. ही शिकायला लागली तर ठीक, न्हाय तर स्थळ बघून उजवून टाकतो."

मी म्हणाले, "तू आधी घरी जाऊन दाढी कर. भूत दिसायलास."

गावात सांगितलं होतं, म्हातारी डोळ्यांच्या इलाजाला पुण्याला चालली. बायांनो, ते खोटं होतं. खरं आज लिहिते, नातीला विचारून.

धाराशिवच्या कॉलेजात वर्गातल्याच एका पोराशी तिचं जमलं होतं. पुढं तिनं कुणाशी बोलायचं, कुठं जायचं ते तोच ठरवायला लागला. ती "आता पुरे" म्हणाली, तेव्हा त्यानं तिचा हात पिरगाळला, मारलं. घरी कळल्यावर मी काय केलं? तिला तुळजापूरला नेलं, देवीपुढं भंडारा उचलायला लावला आणि म्हणाले, "हे कुणापुढं काढणार न्हाय, म्हण." तिनं म्हटलं. अब्रू झाकली असं मला वाटलं. पोरीनं मात्र त्या दिवसापासून पुस्तक उघडलं नाही.

म्हणून तिचं नाव पुण्याच्या कॉलेजात घातलं आणि तिथं खोली घेऊन मी तिच्या सोबतीला राहिले. त्या कॉलेजात समुपदेशक बाई आहेत. दर गुरुवारी त्यांच्याकडं जायचं. त्या नातीला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायची. शेवटी त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसता का?" लई राग आला. पण मी बाहेर बसले तरी नात गप्पच. असे तीन गुरुवार गेले. दिवाळी तोंडावर आली.

खोलीवर तांदूळ निवडता निवडता मी चिडले, "अगं, तोंड उघडायला काय होतंय तुला?"

ती म्हणाली, "आज्जे, भंडारा तूच उचलायला लावलास की."

माझा हात तांदळातच राहिला. लहानपणी खेळताना आम्ही शपथा घालायचो. जिनं घातली तिनंच "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही. एवढं ठाऊक असून मी महिनोन् महिने पोरीला बांधून ठेवलं होतं.

पुढच्या गुरुवारी पदराच्या गाठीत भंडारा घेऊन मी तिच्याबरोबर आत गेले. तिच्या कपाळाला लावला आणि बाईंच्या देखत म्हणाले, "शपथ मी घातली होती, ती सुटली. चूक माझी. तुझी काहीच न्हाय."

"आज्जे, नाकावर सांडलास," ती म्हणाली. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

पाऊण तासानं ती बाहेर आली. डोळे सुजले होते. म्हणाली, "भूक लागली." कित्येक दिवसांनी तिनं स्वतःहून खायला मागितलं.

दिवाळीत मुलानं स्थळाचं काढलं. तिनंच त्याला सांगितलं, "आबा, मला परीक्षा द्यायचीय."  आम्ही पुण्याला परत निघालो तेव्हा तो सोडायला स्टँडवर आला, दाढी करून.

अजूनही फोन वाजला की ती दचकते. गुरुवार चालूच आहेत. तुमच्यापैकी कुणी पोरीला अशी शपथ घातली असेल, तर आजच सोडवा. त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही.

बेंबळीत माझं अंगण आहे, लिंबाची सावली आहे. इथं दहा बाय दहाची खोली. संध्याकाळी ती भाजी चिरत कॉलेजातलं सगळं सांगत बसते. माझं डोकं उठतं. पण गप्प बस म्हणत नाही. सध्या माझं घर हेच.