पहिल्या पंगतीतून उठवलेली बाई

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाताळच्या उपासनेनंतर नाशिकच्या आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात प्रीतिभोजन होतं; सगळ्या मंडळीनं प्रेमानं एकत्र जेवायचं. पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीला आलेली एक बाई दर रविवारी उपासनेला यायची. त्या दिवशी ती पहिल्या पंगतीत बसली. तेवढ्यात चर्चचा कारभार बघणारे एक पंच तिच्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही मागाहून बसा. आमचे जावई आलेत."

ती उठली. माझी आई रस्सा वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"आत्ताच हिनं आपल्याबरोबर एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घेतला ना? मग जेवायलाच ही परकी कशी झाली?"

"अहो, जागा कमी आहे."

"मग जावयांना मागाहून बसवा."

जावई तिच्या जागेवर बसलेसुद्धा! उपासना चालवणारे पाळकसाहेब ताटात बघत राहिले. एकही माणूस उठला नाही. आईनं त्या बाईला हाताला धरून घरी आणलं, पिठलं टाकलं आणि दोघी जेवल्या.

ती पुन्हा देवळात आली नाही. तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही. याला प्रीतिभोजन म्हणायची आम्हाला लाज कशी वाटली नाही, या विचारानं माझं डोकं अजून तडकतं.