कळंब्याच्या दारात थांबलेली बस

"कुणी सांगितलं?" असं विचारून मॅडम चष्मा काढायच्या आणि टेबलावर उपडा ठेवायच्या. चष्मा उतरला की आता कुणाची तरी खैर नाही, हे सगळ्यांना कळायचं. आमच्या कोल्हापुरातल्या एका लॉ कॉलेजात त्या गुन्हेगारीशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि मनात येईल तेव्हा नारळ. मी तिथला ग्रंथपाल. माझी लायब्ररी त्यांच्या वर्गाला लागून, त्यामुळे त्यांचा निम्मा विषय मी भिंतीपलीकडून शिकलो.

पहिल्याच तासाला त्या विचारायच्या, "चोर वळखायचा कसा?" मुलं उत्साहानं सांगायची. कळकट कपडे, तांबारलेले डोळे, अमुक वस्ती, तमुक जात. मग चष्मा टेबलावर. "कुणी सांगितलं? घरात, का टीव्हीवर? आणि खुर्चीत बसून बँक खाणारा कसा दिसतो रे? तुझ्या काकासारखाच दिसतो की."

बाई अस्सल कोल्हापुरी. इकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. स्टाफरूममध्ये त्यावरून नाकं मुरडली जायची. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ज्याच्यावर वर्गात डाफरल्या त्यालाच कँटीनमध्ये नेऊन चहा पाजायच्या आणि चहा पिता पिता पुन्हा भांडायच्या. तुम्ही म्हणाल, असे तापट मास्तर आम्हीही पाहिलेत. पाहिले असतील. पण त्यांचं पुढं काय झालं, हे बघायला आपण सहसा थांबत नाही.

दरवर्षी त्या वर्गाला कळंब्याचं कारागृह दाखवायला न्यायच्या. त्या वर्षी मीही बरोबर होतो. आत मोबाइल चालत नाही, म्हणून बसमध्येच सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. ती पिशवी फाटकावर जमा करायची आणि येताना परत आणायची, हे काम मॅडमनी एका मुलीला दिलं. तिच्या जमातीवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. इंग्रज गेले, पण आजही कुठं दुकान फुटलं की पोलिसांची गाडी आधी तिच्याच वस्तीकडं वळते. त्या वस्तीतून वकिलीला आलेली ती पहिली मुलगी.

तुरुंग बघून आम्ही बाहेर आलो. तिनं पिशवी आणली, फोन वाटले. एकाचा फोन पिशवीत नव्हता. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. रोज तिच्या बाकावर बसणाऱ्या दोघींनी तिची सॅक ओढून घेतली आणि रस्त्यावरच उपडी केली. ती मात्र दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. झडती देताना कसं उभं राहायचं हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं मागच्या सीटखालून फोन काढून दिला. त्या मुलानं तो जमाच केला नव्हता, आपल्या सीटखाली लपवला होता आणि तो घसरत मागं गेला होता. परत येऊन बघतो तर जागेवर नाही, म्हणून संशय तिच्यावर. ती सगळा वेळ आमच्याबरोबर तुरुंगात होती, हे त्या भावी वकिलाच्या डोक्यात आलं नाही. "सॉरी हं, गैरसमज झाला," तो हसत म्हणाला. कुणीतरी मिसळीचा विषय काढला आणि सगळे बसमध्ये चढले.

फाटकावरचे सोपस्कार उरकून मॅडम आल्या, तेव्हा तिचा डबा मातीत पडलेला होता. मी झालेलं सांगितलं. त्या बसच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बस हलणार न्हाय. एकेकानं खाली उतरायचं आणि हिच्या तोंडावर सांगायचं, ही चोर हाय म्हणून तुला कुणी सांगितलं."

कुणी उतरलं नाही. डबा पुसत ती मुलगीच पुढं आली. "सोडा, मॅडम. माफी घिऊन काय करू? उद्या मला ह्यांच्यातच बसायचंय."

मॅडम बसच्या पायरीवर बसल्या. मग उठून दारातून बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी तक्रार गेली ती मॅडमच्या विरोधात. मुलांचा अपमान केला म्हणे. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "दिलगिरी लिहून द्या, तास चालू राहतील."

"त्या पोरीची माफी मागितली का कुणी?" मॅडमनी विचारलं. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. स्टाफरूममध्ये हळहळले सगळे, प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र कुणी गेलं नाही.

आता नवे सर नोट्स सांगतात, मुलं उतरवून घेतात. परीक्षेत प्रश्न आला, समाज माणसावर गुन्हेगाराचा शिक्का कसा मारतो. फोनवाल्या मुलानं पानंच्या पानं लिहिली आणि त्या विषयात तो पहिला आला. ती मुलगी काठावर पास झाली. पुस्तक परत करायला आली तेव्हा मी विचारलं, असं कसं झालं.

"तो प्रश्न सोडला, सर. समदं येत हुतं. हात चालंना."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या हल्ली गडहिंग्लजला भावाकडं असतात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला द्या फोन."

ती बराच वेळ नुसतं "व्हय" म्हणत राहिली. पलीकडून काय बोलणं होत होतं, ते मला ऐकू आलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मी हाय की, मॅडम. कालेज सोडून कुठं जात न्हाय." फोन परत देऊन ती तासाला गेली.