बुर्गलच्या टोपीवरचं पीठ

तांबड्या कड्यावरचं गवत कापायला आमच्या गावचे पुरुष जायचे आणि बुर्गल जायची. तिचा बाप त्याच कड्यावरून पडून गेला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापासून ती त्याचाच लांब दांड्याचा विळा घेऊन निघाली. बुटांना लोखंडी काटे बांधायची आणि शेळीसुद्धा दोनदा विचार करील अशा उतारावर गाणं म्हणत गवत पाडायची. तिची आई खाली अंगणात उभी राहून माळ ओढायची आणि अधूनमधून शिव्या द्यायची.

अशा मुलीला मागणी घालायची म्हणजे छातीचं काम. रीत मात्र सोपी होती. मेच्या पहिल्या रविवारी कड्याच्या भेगेतलं प्लाटेनीगल आणायचं. पिवळं फूल, जाड पान, अंगभर पिठासारखी पांढरी भुकटी, आणि वास असा की कुणी मधाचं पोळं फोडलंय. ते चर्चच्या पायरीवर मुलीच्या हातात द्यायचं. तिनं टोपीत खोचलं आणि प्रार्थना संपून उंबऱ्याबाहेर येईपर्यंत ठेवलं, तर जमलं. मधेच काढलं, तर त्या माणसानं वर्षभर गुत्त्याच्या कोपऱ्यात एकटं बसून बिअर प्यायची.

त्या वर्षी दोघं तयारीत होतो. एक मी. दुसरा रोमेड शिंपी.

रोमेडला उंचीवर चक्कर यायची. स्टुलावर चढून पडदा टांगायचा तर गिऱ्हाइकानं त्याचे पाय धरून उभं राहायचं. आमचे शिकारी चक्कर येऊ नये म्हणून त्याच प्लाटेनीगलची मुळी चघळतात. रोमेडनं ती महिनाभर चघळली. चक्कर होती तिथंच राहिली, भूक तेवढी गेली.

"काय रे, आज कुठवर चढलास?" मी रोज त्याच्या दारात उभा राहून विचारायचो.

"शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत," तो सुईत दोरा ओवत म्हणायचा. "हसून घे, कास्सियान. विजार उसवली की येशील माझ्याकडेच."

रविवारी मी खरी फुलं घेऊन हजर झालो. दोन्ही गुडघे सोलवटले होते, ते दिसावेत म्हणून चामड्याची आखूड विजार घातलेली. बघतो तर रोमेडही आलेला, हातात पिवळी फुलं, वर पांढरी भुकटी. मी चाट पडलो.

बुर्गलनं माझी फुलं हुंगली. "छान आहेत," म्हणाली, "आमच्या लीझलच्या शिंगांना शोभतील."

लीझल म्हणजे त्यांची गाय.

मग तिनं रोमेडची फुलं हुंगली, जरा जास्तच वेळ. आणि टोपीत खोचली.

आत पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे तीर्थ शिंपडत रांगांमधून निघाले. खऱ्या प्लाटेनीगलवरून पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं. बुर्गलच्या टोपीवर मात्र कणीक व्हायला लागली. आधी पाकळ्या चिकटल्या, मग एक पांढरा ओघळ टोपीच्या काठावरून थेट तिच्या कानाकडे निघाला. सगळ्या गावाला उलगडा झाला. रोमेडच्या मावशीच्या खिडकीत अशाच पिवळ्या, पण बिनभुकटीच्या बागेतल्या फुलांच्या कुंड्या होत्या. फुलं तिथली आणि भुकटी तिच्याच पिठाच्या डब्यातली. पुरुषांच्या बाकांवर बसलेला रोमेड त्या पिठाहून पांढरा पडला होता.

आता तिचा हात वर जाणार आणि फूल खाली येणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होतो.

हात वर गेलाही. तिनं बोटानं ओघळ पुसला, टोपी सारखी केली, आणि फुलासकट उंबरा ओलांडला.

बाहेर रोमेड तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "बुर्गल, मी कड्यावर गेलोच नव्हतो."

"कळलं मला. वासच नव्हता त्याला."

"मग खोचलंस कशाला?"

"कड्यावर जायला मी आहे की," ती म्हणाली. "वरून परत न आलेला एक माणूस आमच्या घराला पुरे झाला. तू आपला खाली राहा."

मला कुठलं गप्प बसवतंय. "आणि त्या पिठाचं काय?" मी विचारलं.

"चाळून घ्यायला हवं होतं," बुर्गल म्हणाली. "गुठळ्या राहिल्यात."

पुढं एक्कावन्न वर्षं ती कड्यावर गवत कापत राहिली आणि तो खिडकीकडे पाठ करून कपडे शिवत राहिला. ती घरी येईपर्यंत त्याचे टाके वाकडे पडायचे. उन्हाळ्यात शिवलेली माझी एकही विजार धड नव्हती.

रोमेड जाऊन आता तीन हिवाळे झाले. कड्यावरचं गवत कुणी कापत नाही, आणि प्लाटेनीगल तोडायला सरकारची बंदी आहे. बुर्गलनं त्याच्या थडग्यावर मावशीच्या कुंडीतलं रोप लावलंय. मेच्या पहिल्या रविवारी ती कोटाखाली चाळणी लपवून घेऊन येते आणि फुलांवर बेतानं पीठ चाळते. तिच्या नातीला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं.

या वर्षी मी शेजारी उभा राहून म्हणालो, "बुर्गल, वास अजूनही नाही हं त्याला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. ही चाळणी धर."

धरली.