किरण न पडलेली बशी

कालव्याचा पूल मागे पडला तरी हर्षाली बोलेना, तेव्हा तेजस्विनीने ओळखलं, हिने मघाचा फ्लेक्स पाहिलाय. संकष्टीला नारायणगावहून ओझरच्या विघ्नहराला पायी जायचं, हा दोघींचा शाळेपासूनचा नेम. हर्षाली परदेशातल्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आली की तो पुन्हा सुरू व्हायचा. तेजस्विनी गावातच शिक्षिका.

‘तालुक्याचे भूषण डॉ. अमृत यांचा बेल्ह्यात जाहीर सत्कार’, असं त्या फ्लेक्सवर होतं.

“हसतोय बघ कसा,” हर्षाली अखेर म्हणाली. “त्याच्या मागं निळे ठिपके व्हते ना, ते पेशींचे फोटो मी काढलेत.”

वारूळवाडीच्या कुंडलिकअण्णांची ही लेक. तिचं काम गावाला सांगायचं म्हणजे तेजस्विनीला पंचाईत पडायची. बशीत जिवंत पेशी वाढवायच्या. मग केसाच्या जाडीत शंभर मावतील एवढा बारीक किरणांचा झोत एकाच पेशीवर सोडायचा. कधी तिच्या गाभ्यावर, कधी गाभा सोडून बाहेरच्या भागावर. कुठे लागल्यावर पेशीचं काय होतं, ते बघायचं.

“म्हणजे भाकरीवरचा एकच तीळ जाळायचा अन् शेजारच्याला धग लागू द्यायची नाही?” तेजस्विनीने एकदा विचारलं होतं.

“अगदी! आणि भाकरी जिवंत पाहिजे बरं का.”

अमृत त्याच प्रयोगशाळेत वरच्या जागेवर. आपल्या मुलखाचा म्हणून हर्षाली त्याला दादा म्हणायची, डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्यायची. एकदा झोत गाभ्याबाहेर सोडला, तरी गाभा तुटला. हा नवाच शोध, म्हणून अमृत हरखून गेला. पण हर्षालीने एक बशी वेगळी ठेवली होती. नवं औषध फवारताना कुंडलिकअण्णा टोमॅटोची एक सरी कोरी सोडायचे, गुण औषधाचा की हवेचा ते कळायला. तसंच हे. नेम धरायला गाभा दिसावा लागतो, म्हणून पेशींना रंग देऊन त्यांच्यावर दिवा टाकतात. त्या बशीला रंग दिला, दिवा टाकला, किरण मात्र सोडलाच नाही. तरी तिच्यातलेही गाभे तुटले. म्हणजे नासधूस त्या रंगाची आणि दिव्याची होती.

“दादाला दाखवलं मी. म्हणाला, ही बशी सोडून दे. शोध छापला त्यात बशी न्हाई, आणि माझं नावही न्हाई.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“वेल मांडवावर चढू दिली. लई उंच चढलीय आता.”

पोरीचा आवाज थंडगार होता. तेवढ्यात गावातल्या गेणभाऊंची मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. “पोरींनो, बसा की मागं. देवाला पावलंच मोजून दाखवायचीत का?”

“उपास आहे भाऊ, आयतं काही चालत नाही,” हर्षाली हसून म्हणाली. गाडी गेली तसं हसूही गेलं.

“हर्षे, आज चतुर्थी आहे. कुणाचं वाईट चिंतू नये,” तेजस्विनी म्हणाली. “त्याला एकट्याला गाठून सांग.”

“एकट्यात सांगितलं तर तो चूक दुरुस्त करील, वर माझे आभार मानील. मला तो दुरुस्त नकोय. पुढच्या खुर्चीत त्याची आई बसलेली असताना त्याची दातखीळ बसलेली बघायचीय मला.”

“त्यानं तुझं नाव परत येईल?”

“न्हाई. नको येऊ दे.”

देवळाचं शिखर दिसू लागलं. तेजस्विनीने मनात हात जोडले, पण काय मागावं ते तिला सुचेना. हर्षालीने तिचं मनगट धरलं.

“मी विचारलं तर जळते म्हणतील. तू शाळेची पोरं घेऊन सत्काराला जाणारच आहेस. भाषण संपलं की हात वर कर, अन् साध्या आवाजात एवढंच विचार, की सर, रंग आणि दिवा होता पण किरण नव्हता, अशी एखादी बशी तुम्ही ठेवली व्हती का? तिच्यात काय दिसलं? माझ्यासाठी एवढं विचारशील ना, तेजे?”