रागवायचं इंग्रजीत

खालांच्या घरात लहान मुलांना प्रश्न विचारायला बंदी होती. मोठ्यांनी एकमेकांना हवं ते विचारावं, पण एखाद्या चिमुरड्याला कुणी 'हे काय आहे, सांग बघू' म्हणालं, की खाला हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे अशा बघायच्या, की तो जागच्या जागी वरमायचा. "पोर खेळायला आलंय, परीक्षेला नाही," असं म्हणून त्या मुलाच्या हातात लसणाचा गड्डा ठेवायच्या आणि त्याला आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, एका खाडीकाठच्या गावातल्या. शिक्षण मराठी शाळेत झालेलं. लग्न होऊन इकडे अमिरातीतल्या फुजैराला आल्या. नवरा तिथे बंदरात कामाला होता. तो गेल्यावर त्या मुलाकडे, सलीमकडे, दुबईला राहायला आल्या. लहानथोर सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशीच म्हणत.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या लेकीने, इराने, लिफ्टची सगळी बटणं दाबून ठेवली होती आणि मी तिला सांगलीच्या खणखणीत मराठीत झापत होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "मराठी कानावर पडलं, बरं वाटलं. पण बाय माझे, एवढी चांगली भाषा सगळी रागावण्यातच संपवतेस?" लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईचा सल्ला ऐकून घेणाऱ्यातली मी नव्हे. मी 'हं' केलं आणि आमचा मजला येताच इराला ओढत बाहेर पडले.

पण तेव्हा माझी गरज मोठी होती. वडील गेल्यापासून आई सांगलीत एकटी होती आणि मला तिला कायमचं इकडे आणायचं होतं. ती फोनवर एकच विचारायची, "तुम्ही दोघं दिवसभर हापिसात. मी तिथं बोलू कुणाशी? भिंतींशी?" याचं उत्तर इरा हेच होतं आणि इरा मराठीतल्या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. व्हिडिओ कॉलवर आई तिच्याशी भरभरून बोलायची आणि इरा 'ओके, बाय' म्हणून सोफ्याखाली शिरायची. मंडळाच्या गणपतीत तिच्या हातात माइक दिला, तर भरल्या हॉलसमोर तिने 'आय डोन्ट नो मराठी' असं जाहीर करून टाकलं. शेवटी नाक मुठीत धरून मी खालांचं दार वाजवलं.

डे-केअरमधून इराला घेतलं की आम्ही रोज संध्याकाळी वर जायला लागलो. खाला शिकवत काहीच नव्हत्या. त्या स्वयंपाक करायच्या आणि बोलत राहायच्या. "आता मी नारळ फोडते हां. हे पाणी वाटीत. तू पी. गोड आहे. आता किसते. हात लांब ठेव, माझे राणी." इरा म्हणायची, "आय वॉन्ट मोअर." यावर आमच्यापैकी कुणीही 'मराठीत सांग, मग देते' म्हटलं असतं. खाला लगेच द्यायच्या. "अजून हवं? घे, अजून घे. अजून थोडं घे." मुलाला एकदा का अडवलं, की ते हवी ती वस्तू सोडून देतं आणि भाषाही सोडून देतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी अधूनमधून कासावीस व्हायचे. "खाला, ही ऐकते सगळं, पण बोलत काहीच नाही."

"तांदूळ भिजत घातलेत गो. मिनिटामिनिटाला झाकण उघडून बघू नको."

फुजैरात त्यांच्या शेजारी एका बाजूला केरळी कुटुंब, दुसऱ्या बाजूला इजिप्तचं. लहानपणी सलीम तिन्ही घरांत जेवायचा आणि तिन्ही घरांत त्या त्या भाषेत हट्ट करायचा. एवढ्या भाषांनी मुलाचा गोंधळ होईल, अशी भीती त्यांना पुष्कळांनी घातली होती. त्या सांगायच्या, "पोराच्या डोक्यात जागा भरपूर असते. आईबापांना धीर नसतो, खलास!"

एका संध्याकाळी त्यांनी मला खुणेनेच स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. आत इरा बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला थोपटत म्हणत होती, "माय स्वीटी, माय बेबी." मग बाहुली पडली आणि इरा कडाडली, "किती वेळा सांगितलं? कळत नाही का तुला? गप्प बस एकदम!" एकही शब्द चुकला नाही. हेल थेट माझा.

"बघ, मराठी येते तिला," खाला हळूच म्हणाल्या. "पण ती भाषा कशासाठी असते, ते तुमच्याकडून शिकलीय."

हे काही आमच्याच घरात होतं असं नाही. त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांची हीच तऱ्हा. अभ्यास इंग्रजीत, गोष्ट इंग्रजीत, 'लव्ह यू' इंग्रजीत आणि डोकं फिरलं की मराठी. खालांनी त्याच दिवशी हुकूम सोडला. आजपासून लाड मराठीत. रागवायचं असेल तर इंग्रजीत.

आमच्या घरात मग फार मौजेचे दिवस आले. माझा नवरा नितीन ऑफिसात दिवसभर मेल लिहिणारा माणूस. इराने भिंतीवर स्केचपेनने रेघोट्या मारल्या, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "इरा, प्लीज नोट, धिस इज नॉट अ‍ॅक्सेप्टेबल. काइंडली डू नॉट रिपीट." इरा बघतच राहिली. माझाही निम्मा राग शब्द शोधण्यात संपून जायचा. उलट 'माझं सोनं', 'माझं पिल्लू' म्हणायला सुरुवातीला मलाच लाज वाटत होती, ती हळूहळू गेली. हिवाळा सरता सरता इरा खालांशी घडाघडा मराठी बोलायला लागली. तेही त्यांच्या हेलात, 'काय गो खाला' म्हणत. फक्त त्यांच्याशी.

आई आली ती परतीचं तिकीट काढूनच. "बघू महिना-दोन महिने," म्हणाली. इरा तिच्याजवळ बसायची, तिच्या हातचं जेवायची, पण बोलायची नाही. काही हवं असलं की बोट दाखवायची. इराचं डे-केअर आम्ही थांबवलं होतं, त्यामुळे दिवसभर त्या फ्लॅटमध्ये दोघीच, आणि मी संध्याकाळी आले की आई म्हणायची, "गुणी आहे हो पोरगी. पण मी नसले तरी तिचं काही अडायचं नाही." एकदा मी चिडून खालांना म्हटलं, "तुमच्याशी बोलते, मग आईशी का नाही? मी तिला सरळ सांगते, आजीशी बोल म्हणून."

"ते तेवढं करू नकोस," खाला म्हणाल्या. "लहान पोराची भाषा माणसाला चिकटलेली असते. सध्या ती माझ्यापाशी आहे. आजीपाशी जाईल, इन्शाल्ला. ढकलून जात नाही." आणि मग त्या स्वतःच दुपारी खाली येऊन आईसोबत भाजी निवडत बसायला लागल्या. आईलाही त्यांनी हाच नियम घालून दिला: विचारायचं काही नाही, आपलं बोलत राहायचं. आई तिच्या माहेरच्या म्हशीपासून बोलायला लागली. इरा दोघींच्या मध्ये बसून ऐकायची.

त्यात सलीमची बदली अबू धाबीला झाली. खलिफा सिटीत घर मिळालं, सामान आठवड्याभरातच हलणार होतं. मी हादरले. आईच्या तिकिटाची तारीखही जवळ आली होती. मी खालांना म्हटलं, "आता हो कसं?" त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. "कसं म्हणजे? माझं काम झालंय," म्हणाल्या. इतक्या खात्रीने म्हणाल्या, की मला त्यांचा रागच आला.

जायच्या दिवशी त्यांनी इराला जवळ घेऊन सगळं नीट सांगितलं: नवं घर कुठे, किती लांब, तू कधी यायचंस. इरा मान हलवत राहिली. रडली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली, तशी ती माझा हात सोडून लिफ्टकडे निघाली.

घरात शिरल्याबरोबर ती चपलांसकट आईच्या खोलीत धावली. आई पलंगावर बॅगेत साड्या घालत होती. इराने त्या साड्या बाजूला सारल्या, आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि जे रडायला लागली! रडता रडता बोलत होती. खाला गेली. तिचं घर आता रिकामं आहे. तिथे कुणीच नाही. मला आवडत नाही ती गाडी. मला इथे दुखतंय, आजी. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. रागावणं सोडून उरलेली सगळी मराठी त्या एका रडण्यात होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

मग हुंदके आवरत तिने विचारलं, "आजी, तू पण जाणार?"

आई तिची पाठ थोपटू लागली. "नाही गं माझी बाय," म्हणाली. "मी कशाला जाते तुला सोडून?" आणि माझ्याकडे न बघताच तिने आवाज दिला, "नितीनला म्हणावं, ते तिकीट रद्द कर."